विषाणू सापडला, पुढे काय?

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच चाचणी करण्यात आली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीची सोय नसलेल्या गटाच्या तुलनेत या गटात ह्या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळजवळ निम्मे होते.

मात्र चाचणी झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींत विषाणू आढळला होता. या सर्वांना कर्करोग होणार होता का? मुळीच नाही. एचपीव्हीचा संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती दोनेक वर्षांत त्याला नाहीसा करते. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो. अशांपैकी काहींना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की विषाणूने पेशीची वाट बदलली आहे का? त्याचे उत्तर शोधण्यास डीएनएचे मिथिलीकरण उपयोगी पडते.

मिथिलीकरण म्हणजे काय? डीएनएची भाषा चार अक्षरांची आहे, हे आपण जाणतोच. त्यांपैकी सायटोसिन या अक्षराला काही ठिकाणी एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मिथाइल गट जोडला जातो. हे काम विशिष्ट विकरे करतात. अक्षर तेच राहते, परंतु जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक वाचले जात नाही. पुस्तकाची दोन पाने एकमेकांना चिकटावीत, तसेच हे. मजकूर जागेवर असतो, पण वाचता येत नाही.

निरोगी पेशीही नको असलेली जनुके बंद ठेवण्यासाठी ही युक्ती वापरते. एचपीव्ही दीर्घकाळ मुक्कामाला राहिला, की त्याची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशीविभाजनावरील लगाम सैल करतात. हळूहळू पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांवरही मिथाइल गट साचू लागतात. बदल जितका गंभीर, तितके मिथिलीकरण सामान्यतः अधिक. म्हणूनच त्याला कर्करोगाचा जैवसूचक म्हणतात.

ते ओळखण्याची रीत सोपी आहे. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली, की मिथाइल गट नसलेल्या सायटोसिनचे युरॅसिल होते. गट असलेले सायटोसिन तसेच राहते. हा फरक मग पीसीआरने मोजता येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी एफएएम१९ए४ व एमआयआर१२४-२ या दोन जनुकांवर आधारलेली चाचणी तयार केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक देशांतील ५१९ कर्करोग-नमुने तपासले, तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत ती सकारात्मक आली.

याचा लाभ कोणाला? पॅप चाचणीसाठी पेशी प्रशिक्षित व्यक्तीलाच घ्याव्या लागतात. मिथिलीकरणाची चाचणी मात्र स्त्रीने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही होऊ शकते. एकाच नमुन्यात आधी विषाणू शोधायचा आणि तो सापडल्यास मिथिलीकरण पाहायचे. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा तालुक्याला जाणे जिला जमत नाही, तिच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय गर्भाशयमुखाचा भाग काढण्याच्या उपचाराने पुढील बाळंतपण अकाली होण्याचा धोका वाढतो. तरुण स्त्रियांचा अनावश्यक उपचार त्यामुळे टाळता येईल.

मर्यादाही आहेत. कर्करोगपूर्व बदलांपैकी काही या चाचणीतून निसटतात. म्हणून मिथिलीकरण न आढळलेल्या, पण विषाणू असलेल्या स्त्रीची पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. शिवाय प्रयोगशाळा व खर्च यांचा प्रश्न आहेच. आपल्याकडे तर असंख्य स्त्रियांची कोणतीच तपासणी झालेली नसते.

जनुकांचा धडा शिकवताना या चिकटलेल्या पानांची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. एचपीव्हीला प्रतिबंध करणारी लस मुलींना ९ ते १४ या वयात देणे उत्तम, हेही सांगावे. आणि तिशी ओलांडलेल्या आईला एकदा तरी तपासणीसाठी घेऊन जा, असेही मुलांना आवर्जून सांगावे.