ऐकताना उदार, बोलताना काटेकोर

मल्टिमीटरच्या दोन्ही तारा टेबलावर नुसत्या मोकळ्या टाका आणि संगणकावरून त्याला विचारा, 'मेझर:रेझिस्टन्स?'. बहुतेक आधुनिक मीटर उत्तर देतात: 9.9 गुणिले 10चा 37वा घात. मीटर बिघडलेला नाही. तारांमध्ये हवा आहे आणि रोध आपल्या आवाक्याबाहेर गेला, एवढंच तो सांगतोय. 'अनंत' आकड्यात कसा कळवायचा, हे आधीच ठरलेलं आहे!

ठरवलं कुणी? एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या उपकरण-कंपन्यांनी, 1990 साली. उपकरणांशी बोलण्यासाठी त्यांनी ठरवलेल्या सामाईक आज्ञाभाषेला 'स्किपी' म्हणतात. उपकरणं जोडायची केबल त्याआधीच एकसारखी झाली होती. ह्यूलेट-पॅकार्डची ही जोडणी 1975मध्ये आयईईई 488 या नावाने प्रमाणित झाली. पण तिच्यावरून बोलायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एचपी 3478ए या मीटरला डीसी व्होल्ट मोजायला सांगायचं तर 'एफ1' पाठवायचं. दुसऱ्या कंपनीच्या मीटरला त्यातून काही बोध होईलच असं नाही. मीटर बदलला की प्रोग्रॅम नव्याने लिहायचा.

स्किपीत आज्ञा वाचताच कळते. 'मेझर:व्होल्टेज:डीसी?' यातला प्रत्येक विसर्गचिन्हासारखा कोलन एक पायरी खाली नेतो: मोज, व्होल्टेज मोज, डीसी मोज. शेवटच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ, 'उत्तर हवंय'. रोमन अक्षरं लहान असोत की मोठी, चालतात. शब्द पूर्ण लिहा किंवा त्याची पहिली चार अक्षरं. चौथं अक्षर स्वर असेल तर सहसा तीनच. म्हणून 'व्होल्टेज'ची चार, 'पॉवर'ची तीन. पण अधलंमधलं रूप लिहिलंत, तर –113 क्रमांकाची चूक नोंदवली जाते.

या शिस्तीमागचं तत्त्व 1987च्या आयईईई 488.2मधलं आहे: उपकरणाने ऐकताना उदार असावं, बोलताना काटेकोर. आज्ञा मान्य रूपांपैकी कुठल्याही रूपात लिहिलेली असो, उत्तराचा साचा ठरलेला.

मला सर्वांत आवडतो तो तक्रारींचा भाग. चुका उपकरण स्वतःजवळ रांगेत साठवतं आणि 'सिस्टम:एरर?' विचारलं की जुनी आधी, अशी एकेक सांगतं. प्रश्न विचारून उत्तर न ऐकताच पुढचा प्रश्न टाकलात, तर –410. काहीच न विचारता उत्तराची वाट पाहत बसलात, तर –420. इतका शिष्टाचार माणसांच्या बैठकांतही पाळला जात नाही.

तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपमागे लॅनचं सॉकेट असेल, तर शिक्षकांना विचारून संगणक जोडा. बऱ्याच उपकरणांत यासाठी 5025 क्रमांकाचा पोर्ट असतो. तारांकन, आय-डी-एन ही तीन रोमन अक्षरं आणि प्रश्नचिन्ह, एवढंच टाइप करून एंटर दाबा. निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, स्वल्पविराम देऊन, याच क्रमाने येईल.