पदवीनंतरची उमेदवारी

उन्हाळा सरत आला, परीक्षांचे निकाल लागू लागले, की आमच्या कचेरीच्या जिन्यावर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. पुढे वडील, मागे नुकताच बी. कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी, आणि वडिलांच्या काखेत गुणपत्रिकांची फाईल. खुर्चीवर बसता बसता वडील म्हणतात, "साहेब, याला तुमच्याकडं चिकटवून घ्या. पगाराचं काय ते तुम्हीच ठरवा." मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. चार वर्षांत हे वाक्य मी चाळीस वेळा तरी ऐकले असेल, आणि दर वेळी मला त्या दोघांशी अर्धा तास बोलावे लागते. आज तेच बोलणे आपल्यापुढे जरा नीट मांडून ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली गोष्ट अशी, की हिशेब लिहिणे आणि हिशेब तपासणे ही दोन निराळी कामे आहेत. कारखान्यात, दुकानात किंवा बँकेत जो जमाखर्च ठेवतो, तो त्या धन्याचा नोकर असतो. रोजकीर्द लिहावी, खतावणी करावी, तेरीज जुळवावी आणि ताळेबंद तयार करून धन्यापुढे ठेवावा, हे त्याचे काम. हिशेबतपासनीस म्हणजे ज्याला आपण सी. ए. म्हणतो तो मात्र बाहेरचा माणूस असतो. त्याची फी कंपनी देते हे खरे, पण त्याचा अहवाल भागधारकांसाठी असतो आणि त्यावर कर्ज देणारी बँक, कर आकारणारे सरकार आणि ठेव ठेवणारा सामान्य माणूस हे सगळे विसंबतात. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा. सभासद अहवालाची पाने उलटतात आणि शेवटची सही पाहून निश्चिंत होतात. ती सही खरी असावी, एवढ्याच एका गोष्टीवर हा सारा व्यवसाय उभा आहे.

ही सही करण्याचा अधिकार वाटेल त्याला नसतो. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न आपल्याकडे प्रथम नीट पुढे आणला. त्याच साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली, १९३२ च्या नियमांनी नोंदणीकृत हिशेबतपासनिसांची पद्धत आणली, आणि १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्‌स कायदा अमलात येऊन आजची इन्स्टिट्यूट स्थापन झाली. मुंबईचे गोपालदास कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. या साऱ्या बदलांत एक गोष्ट मात्र टिकून राहिली. नुसत्या परीक्षेवर कोणालाही सही करू दिलेली नाही. व्यवसायातील जाणत्या माणसाच्या हाताखाली काही काळ उमेदवारी केलीच पाहिजे, ही अट पदविकेच्या काळी होती आणि आजही आहे. इंग्रजीत तिला आर्टिकलशिप म्हणतात.

तेव्हा पदवीधराने आमच्या दारात यावयाचे ते कोणत्या नात्याने, हे आधी ठरवले पाहिजे. येथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट साध्या नोकरीची. बी. कॉम. झालेला मुलगा हिशेबतपासनिसाच्या कचेरीत मदतनीस म्हणून लागू शकतो. जीएसटीची विवरणपत्रे भरणे, पगारातून व इतर देण्यांतून कापलेल्या कराचा हिशेब ठेवणे, लहान व्यापाऱ्यांची पुस्तके लिहून देणे, अशी पुष्कळ कामे त्याला मिळतात, आणि ही प्रामाणिक व उपयोगी कामे आहेत. परंतु कितीही वर्षे केली, तरी त्यांतून सहीचा अधिकार येत नाही. हे आधी माहीत असले म्हणजे दहा वर्षांनी वैताग येत नाही.

दुसरी वाट उमेदवारीची. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुण असतील, तर इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा न देता थेट इंटरमीजिएटसाठी नाव नोंदवता येते. ज्याचे गुण कमी, त्याने प्रवेशपरीक्षेपासून आरंभ करावा. त्यात कमीपणा काही नाही. नोंदणीनंतर आठ महिने अभ्यास, मग इंटरमीजिएटचे दोन गट, प्रत्येकात तीन विषय. प्रत्येक विषयात ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळाल्याशिवाय उत्तीर्ण होत नाही. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या नव्या योजनेप्रमाणे दोन्ही गट पार केल्यावर आणि नेमून दिलेला संगणक व व्यवहारकौशल्याचा वर्ग पुरा केल्यावर उमेदवारी सुरू होते. ती पूर्वी तीन वर्षांची होती. आता दोन वर्षांची आहे. ती संपल्यावर सहा महिने अभ्यासासाठी, आणि मग अंतिम परीक्षा.

येथे वडील हटकून विचारतात, "आणि या दोन वर्षांत मिळणार काय?" मिळते ते विद्यावेतन. त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येप्रमाणे नियमांनी ठरवलेली असते; त्याहून अधिक कोणी दिले तर ते त्याच्या खुशीने. बरोबरीचे मित्र बँकेत किंवा कंपनीत लागून घरी पूर्ण पगार आणू लागतात, तेव्हा या विद्यावेतनावर दिवस काढणे सोपे नसते. ज्या घरात धाकटी भावंडे शिकताहेत, तेथे तर हा मोठाच प्रश्न आहे. म्हणून मी पालकांना सांगतो, की पदवीनंतरची तीन-चार वर्षे या मुलाकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवता येणार नाही, हा हिशेब आज मांडा. तो मांडून झेपत असेल तरच या वाटेला लागा. मात्र एक लक्षात ठेवा. उमेदवाराला ठेवून घेण्यासाठी कोणी अनामत किंवा मोबदला मागत असेल, तर नियमांनी त्याला मनाई आहे. अशा दारातून उलट पावली परत यावे.

आता कचेरी शोधावी कशी? पुष्कळांची समजूत अशी, की ओळखीवाचून येथे काही होत नाही. ओळखीचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण उमेदवारांची गरज कचेऱ्यांनाही तितकीच असते. इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर कचेऱ्या आणि उमेदवार यांची गाठ घालून देण्याची सोय आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी तिच्या शाखा आहेत आणि तेथे विद्यार्थ्यांची मंडळेही आहेत. तेथे चार दिवस जाऊन बसले, तरी कोणत्या कचेरीत काय काम चालते ते कळते. भेटीस जाताना गुणपत्रिका न्याव्यातच. पण विचारले जाईल ते निराळेच. घसारा आकारला तर रोख शिल्लक का कमी होत नाही? बँकेच्या पासबुकातील शिलकेत आणि आपल्या कीर्दीतील शिलकेत फरक का पडतो? उधारीने विकलेल्या मालाचा नफा पैसे येण्याआधी कसा धरायचा? असले साधे प्रश्न ज्याला घोकंपट्टी न करता समजावून सांगता येतात, त्याला जागा मिळते.

आणि उमेदवारानेही विचारावे. मोठी पाटी आणि चकचकीत कचेरी पाहून भुलू नये. मोठ्या पेढीत मोठ्या कंपन्यांचे काम पाहावयास मिळते, शिस्त लागते, पण कित्येकदा एकाच कामाचा एकच तुकडा वर्षभर हाती राहतो. लहान पेढीत सकाळी धर्मादाय न्यासाचे हिशेब, दुपारी प्राप्तिकराचे काम, संध्याकाळी गृहनिर्माण संस्थेचे ऑडिट, असे सगळे हाताखालून जाते. पण शिकवायला कोणाला सवड नसेल, तर उमेदवार नुसता कागद नेणारा-आणणारा होतो. म्हणून तीनच गोष्टी विचाराव्या: दोन वर्षांत मला कोणकोणती कामे मिळतील, माझे काम तपासून चुका कोण दाखवील, आणि परीक्षेच्या वेळी रजा मिळेल का. जो वडीलधारा व्यावसायिक या प्रश्नांनी रागावतो, त्याच्या हाताखाली शिकणे कठीणच.

उमेदवारीत शिकायचे तरी काय, हे सांगण्यासाठी माझ्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. एका गावच्या संस्थेचे हिशेब तपासायला मला पाठवले होते. बांधकामावरच्या मजुरीच्या पावत्या पाहत होतो. नावे निरनिराळी, रकमा निरनिराळ्या, आणि प्रत्येक नावापुढे अंगठ्याचा ठसा. बारा-पंधरा पावत्या उलटल्यावर वाटले, की या ठशांतली कड एकाच बाजूला तुटलेली आहे. सगळीकडे अंगठा एकच होता. मी धावतच गुरुजींकडे गेलो. चोर सापडला या आनंदात होतो. ते शांतपणे म्हणाले, "लिहून ठेव आणि विचार. आरोप करू नकोस." दुसऱ्या दिवशी मुकादमाला बोलावले. निघाले असे, की मजुरी सगळ्यांना पोचली होती. पण मजूर कामाच्या गडबडीत येत नाहीत, म्हणून मुकादमानेच सगळ्यांचे अंगठे उठवून टाकले होते. गुरुजींनी मजुरांना बोलावून खात्री करून घेतली, पावत्या नव्याने करून घेतल्या आणि परतीच्या एस.टी.त मला एवढेच म्हणाले, "चोरी नव्हती. पण कागद खोटा होता. आणि आज चोरी नव्हती म्हणून खोटा कागद चालू दिला, की उद्याच्या चोरीला वाट मोकळी." हे मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

मोठ्या प्रमाणावर हेच देशाने पाहिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँकेतील शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात अस्तित्वातच नाहीत. बँकेच्या शिलकेचा दाखला ग्राहकाच्या हातून न घेता थेट बँकेकडून मागवावा, हा नियम पहिल्या वर्षाच्या उमेदवारालाही सांगितला जातो. तो साधा नियम मनापासून पाळण्याची सवय लागणे, याचेच नाव उमेदवारी.

आणि म्हणूनच एका गोष्टीविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. हल्ली काही मुले, आणि त्यांच्या मागे काही पालक, असा मार्ग काढतात, की उमेदवारीची नोंद फक्त कागदावर करावी, कचेरीत पाऊल टाकू नये आणि तो वेळ शिकवणीच्या वर्गात घालवावा. दोन वर्षांनी हजेरीचा दाखला तयार. परीक्षेसाठी वेळ मिळतो, कोणाचे पैसे बुडत नाहीत, मग बिघडले कोठे, असे विचारणारे वडील मला भेटले आहेत. बिघडले ते असे, की या मुलाच्या नावाचा या व्यवसायातला पहिलाच कागद खोटा झाला. इन्स्टिट्यूटच्या नियमांप्रमाणे हा गुन्हा आहे. उमेदवाराचा काळ रद्द होऊ शकतो आणि दाखला देणाऱ्यावरही कारवाई होते. पण पकडला गेला नाही तरी काय? उद्या तो दुसऱ्यांच्या कागदांवर 'खरे आहे' म्हणून सही करणार. मुकादमाने उठवलेले अंगठे त्याला ओळखू येतील कसे? त्याचा स्वतःचा अंगठाच कोणी दुसऱ्याने उठवलेला आहे.

अंतिम परीक्षेत दोन्ही गट पहिल्या दमात पार करणारे थोडेच असतात, हेही सांगितले पाहिजे. अपयश येते, पुन्हा बसावे लागते, आणि काही जण शेवटपर्यंत पोचत नाहीत. अशा मुलांची वर्षे फुकट गेली असे मी म्हणणार नाही. खरी उमेदवारी केलेल्या मुलाला कारखान्याच्या, बँकेच्या किंवा सहकारी संस्थेच्या हिशेबखात्यात मान मिळतो, कारण कागदामागचा व्यवहार पाहण्याची त्याची नजर तयार झालेली असते. कागदोपत्री उमेदवारी केलेला मुलगा नापास झाला, तर त्याच्या हाती मात्र काहीच उरत नाही.

जो पार होतो, तो सभासद होतो, व्यवसायाचा परवाना घेतो आणि सही करू लागतो. अलीकडे, १ जुलै २०१९ पासून, त्याच्या प्रत्येक दाखल्यावर व अहवालावर अठरा अंकाक्षरांची एक ओळखखूण द्यावी लागते, आणि ती सही खरी की बनावट हे कोणालाही संगणकावर पडताळून पाहता येते. पण त्या खुणेने एवढेच कळते, की सही कोणी केली. सहीपूर्वी त्याने खरोखर पाहिले की नाही, हे सांगणारी खूण अजून निघालेली नाही.

तेव्हा त्या जिन्यावरून वर येणाऱ्या वडिलांना मी बसवून चहा देतो आणि म्हणतो, "पगाराचं नंतर पाहू. आधी मुलाला बोलू द्या." मग मुलाला विचारतो, की तू येथे रोज येणार का. तो मान वर करून 'येईन' म्हणाला, तर पुढचे सारे शिकवता येते.