अमरावतीएवढा देश, अकोल्याएवढा वायुसाठा

नकाशा पुढ्यात घ्या. अमरावती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १२,२१० चौरस किलोमीटर. कतार हा देश सुमारे ११,६०० चौरस किलोमीटरांचा. धारणीपासून धामणगावपर्यंत पसरलेल्या आपल्या एका जिल्ह्यात तो सबंध मावतो आणि वर सहाशे चौरस किलोमीटर उरतात. लोकसंख्याही जवळपास तेवढीच. २०११च्या जनगणनेत अमरावती जिल्हा २८ लाख ८८ हजारांचा होता; कतारमध्ये आज तीस लाखांच्या आसपास माणसं राहतात आणि त्यांतली बहुसंख्य बाहेरच्या देशांतून कामाला आलेली आहेत. तिथे एकही नदी नाही. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्रातून उपसून, वायू जाळून गोडं करावं लागतं. त्याला काय मोल पडत असेल, हे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या देशाच्या उत्तरेला समुद्राच्या तळाखाली 'नॉर्थ फील्ड' नावाचं वायुक्षेत्र १९७१ मध्ये सापडलं. कतारच्या वाट्याचा त्याचा विस्तार सहा हजार चौरस किलोमीटरांच्या घरात आहे, म्हणजे अकोला जिल्ह्याहून थोडासाच मोठा. जगात आजवर ठाऊक झालेल्या नैसर्गिक वायूपैकी साधारण दहावा हिस्सा एवढ्याशा जागेखाली आहे.

या कतारची आणि वऱ्हाडाची एकदा रस्त्यावर गाठ पडली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोह्याजवळ २५.२७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग टाकून कतारने गिनीज विक्रम केला. त्याला दहा दिवस लागले. तो विक्रम मोडला अमरावती-अकोला महामार्गावर. ३ जून २०२२ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी पाचला संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर सलग रस्ता झाला. ७२० माणसं, ३६,६३४ टन डांबरमिश्रण, त्यात निव्वळ डांबर २,०७० टन. दर मिनिटाला पावणेसहा टन गरम माल रस्त्यावर पडत होता, तोही जूनच्या वऱ्हाडी उन्हात. त्या मजुरांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

मात्र डांबर हा कच्च्या तेलाच्या तळाशी उरणारा गाळ. देशात लागणाऱ्या डांबराचा बराच वाटा आखाताकडून जहाजाने येतो आणि जे इथल्या रिफायनरीत निघतं तेही बहुतांश आयात केलेल्या तेलातूनच. विक्रम वऱ्हाडाचा खरा, त्यातलं काळं द्रव्य मात्र बहुतेक समुद्रापलीकडचं.

आता त्याच १०५ तासांचा दुसरा हिशेब. २०२२-२३ या वर्षात भारताने कच्च्या तेलाच्या आयातीवर सुमारे १५७ अब्ज डॉलर खर्च केले, म्हणजे साडेबारा लाख कोटी रुपयांच्या वर. सेकंदाला भागलं तर चार लाख रुपये पडतात. रस्त्याचं काम चालू होतं ते सेकंद होतात ३ लाख ८० हजार. तेवढ्या वेळात, वर्षाच्या सरासरीने, देशाने नुसत्या कच्च्या तेलापोटी सुमारे १५ हजार कोटी रुपये बाहेर पाठवले.

हा आकडा घराजवळ आणून पाहू. भारतात दररोज साधारण ५५ लाख बॅरल तेलपदार्थ खपतात. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे रोजचे ८७ कोटी लिटर आणि माणशी जेमतेम ६०० मिली. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे मिळून २०११ मध्ये ४७ लाख लोक होते. देशाची सरासरी लावली तर त्यांच्या वाट्याला रोज २८ लाख लिटर येतात. रेल्वेच्या एका टाकीवाघिणीत सुमारे ७० हजार लिटर मावतात, तेव्हा रोजच्या ४० वाघिणी झाल्या. अकोल्याजवळच्या गायगावला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून निघालेले टँकर आपण रोज पाहतो, पण त्यांच्या मागची साखळी केवढी लांब आहे हे सहसा ध्यानात येत नाही. तेल वाहणारं एक महाकाय जहाज ३३० मीटर लांबीचं असतं आणि त्यात २० लाख बॅरल मावतात. अमरावती-अकोल्याला ते पावणेचार महिने पुरेल. देशाला अशी पावणेतीन जहाजं रोज लागतात.

तेलाची ही गोष्ट निदान पंपावर तरी दिसते. वायूची गोष्ट वावरात दडलेली आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते.

युरिया दगडासारखा खाणीतून निघत नाही. हवेतला नत्र आणि नैसर्गिक वायूतला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करतात आणि अमोनियाचा युरिया. एक टन युरियाला भारतीय कारखान्यांत सरासरी ६० लाख किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते. आपली बॅग ४५ किलोची, म्हणजे बॅगमागे २ लाख ७० हजार किलोकॅलरी. घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो गॅसची उष्णता साधारण दीड लाखांच्या पुढे भरते. म्हणजे कृषी केंद्रातून खांद्यावर टाकून आणलेल्या प्रत्येक बॅगमागे पावणेदोन सिलिंडरांएवढी आग खर्च झालेली असते. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र धरलं तर तीन बॅगा लागतात आणि एका हेक्टरामागे पाच सिलिंडर झाले.

अलिबागजवळच्या थळचा युरिया कारखाना १९८५ च्या सुमारास उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूवर. आज मात्र देशातल्या युरिया कारखान्यांना लागणाऱ्या वायूपैकी बहुतांश आयातीचा आहे आणि त्या आयातीचा कणा आहे कतार. १९९९ मध्ये 'पेट्रोनेट एलएनजी'ने कतारशी २५ वर्षांचा करार केला. वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायू. वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की त्याचं आकारमान सहाशेव्या हिश्शावर येतं, म्हणून तर तो जहाजातून आणता येतो. जानेवारी २००४ मध्ये 'दिशा' हे जहाज पहिला माल घेऊन गुजरातेतल्या दहेजला लागलं. त्याच्या टाक्या १ लाख ३८ हजार घनमीटरच्या, म्हणजे खेपेला सुमारे ६२ हजार टन. अशा आकाराच्या जहाजांनी ७५ लाख टन आणायचे तर वर्षाला १२० खेपा, म्हणजे दर तीन दिवसांनी एक. एका खेपेतला सगळा वायू युरियाला दिला तर २७ लाखांवर बॅगा होतील. प्रत्यक्षात त्यातला बराच वायू इतर कारखान्यांना आणि शहरांना जातो, पण मापाचा अंदाज यावा.

या करारात सहकार्य म्हणजे काय ते २०१५ मध्ये दिसलं. बाजारात वायूचे भाव कोसळले होते आणि करारातला दर १२-१३ डॉलरांवर होता. भारताने ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी माल उचलला. कराराप्रमाणे सुमारे १२ हजार कोटी रुपयांचा दंड बसत होता. कतारने तो माफ केला आणि दर जवळपास निम्म्यावर आणला. भारताने राहिलेला माल पुढे उचलण्याचं आणि वर्षाला आणखी १० लाख टन घेण्याचं कबूल केलं. मग ६ फेब्रुवारी २०२४ ला गोव्यात नवा करार झाला. २०२८ ते २०४८, पुन्हा वर्षाला ७५ लाख टन, अंदाजे ७८ अब्ज डॉलर.

ओमानने याहून पुढची वाट दाखवली. तिथल्या सूर शहरात ओमान आणि भारत यांनी अर्ध्या-अर्ध्या भागीदारीत खत कारखाना काढला. भारताच्या अर्ध्यात इफ्को आणि कृभको या सहकारी संस्था, म्हणजे शेवटी शेतकरीच. वर्षाला १६ लाख ५२ हजार टन युरिया, ३ कोटी ६७ लाख बॅगांएवढा. वायू त्यांचा, गिऱ्हाईक आपलं, कारखाना दोघांचा. असा करार टिकतो, कारण मोडला तर दोघांचंही नुकसान होतं.

महाराष्ट्राच्या भूमीवर असाच, कितीतरी मोठा प्रयोग व्हायचा होता. २०१८ मध्ये सौदीची अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक यांनी रत्नागिरी जिल्ह्यात नाणारला व्हायच्या रिफायनरीसाठी करार केले. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, खर्च तीन लाख कोटी रुपये. नाणारच्या लोकांनी जमीन द्यायला नकार दिला आणि २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. दोन देशांच्या सह्या झाल्या तरी तिसरी सही गावाची लागते.

आखाताच्या आतून येणाऱ्या तेला-वायूवर मात्र एक धोका कायम आहे. कतारचा जहाजाने जाणारा सगळा वायू आणि आखाताचं बहुतेक तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. २०२४ मध्ये तिथून दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल तेल गेलं, जगाच्या खपाचा पाचवा हिस्सा. ती सर्वांत अरुंद जागी ३३ किलोमीटर आहे, अकोल्यापासून शेगाव सरळ रेषेत जेवढं आहे तेवढी. तिच्यासमोर आपली तयारी काय? विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात कोरलेल्या गुहांमध्ये ५३ लाख टन तेल मावतं. सरकारी हिशेबाने ते देशाच्या साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढं. मंगळुरूच्या गुहेत २०१८ पासून अॅडनॉकने आपलं तेल ठेवलं, हेही सहकार्यच. एप्रिल-मे २०२० मध्ये भाव १९ डॉलरवर असताना या गुहा भरून घेतल्या आणि पाच हजार कोटी रुपये वाचले. द्रवरूप वायूचा असा साठा महिनोन्‌महिने ठेवणं फार महाग पडतं, त्यामुळे युरियाच्या बाजूने आपण जास्त उघडे आहोत.

म्हणून शेवटचा हिशेब आपल्याच वावरातला. वेचणी संपून उलंगवाडी झाली की कोरडवाहू कपाशीच्या एका हेक्टरात दोन टनांच्या आसपास पऱ्हाटी उभी असते. वाळल्यावर तिच्या किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे हेक्टरी पंचेचाळीस ते पन्नास सिलिंडर. खतातून पाच सिलिंडर आणलेल्या वावरात त्याच्या नऊ-दहा पट उष्णता उभी आहे. चुलीत जाते तेवढी जाते, उरलेली आपण धुऱ्यावर पेटवतो. पऱ्हाटीचा युरिया होत नाही हे खरं, पण तिचे दाबून केलेले ठोकळे बॉयलरमध्ये कोळशाची आणि तेलाची जागा घेतात. नागपूरच्या कापूस संशोधनाच्या केंद्रात ही पद्धत शिकवली जाते. अकोला-अमरावतीत जिनिंग आहेत, बॉयलर चालवणारे कारखाने आहेत, शेतकरी कंपन्या आहेत. करार दोह्याशी हवेतच, लांब मुदतीचे आणि सूरसारखे भागीदारीचे हवेत. पण येत्या उलंगवाडीला धुऱ्यावर काडी लावण्याआधी गावाने एकत्र बसून पऱ्हाटीचा भाव काढावा, गिऱ्हाईक शोधावं.