विहिरीतल्या शैवालाची साक्ष

धर्मापुरीसारख्या गावात विहिरीत प्रेत सापडले की शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरसमोर पहिला प्रश्न असतो : पाण्यात पडताना माणूस जिवंत होता का? मृत्यू सासरी नांदणाऱ्या मुलीचा असेल, तर माहेरची माणसे याच उत्तरासाठी बाहेर ताटकळतात. प्रेत दोन-तीन दिवस पाण्यात राहिले, की तोंडावरचा फेस आणि फुगलेली फुफ्फुसे या खुणा पुसट होतात. तेव्हा मदतीला येते पाण्यातलेच एक शैवाल, डायटम.

डायटम एकपेशीय असतो. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातकुळीचे. बुडणारा माणूस पाणी श्वासात ओढतो, फुफ्फुसातले नाजूक वायुकोश फाटतात आणि बारीक डायटम रक्तात शिरतात. हृदय चालू असेपर्यंत ते मूत्रपिंडात, हाडाच्या मगजातही पोहोचतात. मृत्यूनंतर पाण्यात टाकलेल्या देहाच्या फुफ्फुसात पाणी झिरपते, पण ते पुढे नेणारे रक्ताभिसरण थांबलेले असते. बुडून झालेल्या मृत्यूच्या तपासात डायटमचा वापर 1904 साली रेव्हेनस्टॉर्फ यांनी केला.

मांडीच्या हाडातला मगज तीव्र नायट्रिक आम्लात उकळला की सारे विरघळते, कवच तेवढे उरते. त्याचे छायाचित्र घेणे मात्र कसबाचे काम. हजारपट मोठे करून, भिंगावर तेलाचा थेंब देऊन पाहिले तरी एका वेळी कवचाचा एकच थर स्पष्ट दिसतो. म्हणून फोकस किंचित हलवत अनेक चित्रे घ्यावी लागतात. दहा मायक्रॉनमध्ये किती रेघा बसतात, यावरून जात ओळखण्यास मदत होते. म्हणून मोजपट्टी नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तपासात फारसा कामाचा नाही. स्थानिक जातींची नोंदही हाताशी हवी. हेमेंद्र गांधी यांनी कोल्हापूर परिसरातल्या डायटमांवर 1958 साली लिहिलेला निबंध अशा नोंदींपैकीच आहे.

या साक्षीला मर्यादा आहेत. माणूस घसरला, त्याने उडी घेतली की त्याला कोणी ढकलले, हे डायटम सांगत नाही. खोल, अंधाऱ्या आडात ऊन पोहोचत नाही, तिथे डायटम मुळात कमी. म्हणून मगजात ते सापडले नाहीत एवढ्यावरून 'बुडून मृत्यू नाही' असे लिहिणे घाईचे ठरेल. उलट अन्नपाण्यातून, धुळीतून एखादा डायटम जिवंत माणसाच्या शरीरातही जातो. म्हणून मगजातल्या आणि विहिरीतल्या डायटमांची चित्रे शेजारी ठेवून जाती जुळतात का, हे पाहावे लागते.

घोडे अडते ते इथेच. प्रेत काढल्यावर मोटर लावून विहीर उपसण्याची गावाला घाई असते, आणि पिण्याची विहीर असेल तर ती रास्तही आहे. पण पंचनाम्याच्या वेळीच, उपशाआधी, लिटरभर पाणी काढून बाटलीला सील लावायला पाच मिनिटे पुरतात. बाटली नळाच्या पाण्याने विसळलेली नसावी. त्या पाण्यातही डायटम असतात.