गायरानातील बिनहजेरीचे कामगार

गावचा कचरा उचलणारे चार दिवस कामावर आले नाहीत म्हणजे त्यांची आठवण सर्वांना होते. चाकूरभोवतालच्या गायरानांतही असे कामगार आहेत. त्यांची हजेरी मात्र कोणी मांडीत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते पावसाळ्यात वाढतात व दिवाळीनंतर वाळतात. गुरांच्या तोंडून उरलेली ही काडी जाते कुठे?

‘कुजते’, असे आपण सहज म्हणतो. पण कुजविणारी बुरशी व जीवाणू यांना ओल लागते, आणि बालाघाटाच्या या पठारावर वर्षातले सात-आठ महिने वरची जमीन कोरडी ठणठणीत. गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून निजतात. वाणी किडे मिरगाच्या पावसाची वाट पाहतात. ही सारी हंगामी मंडळी. उन्हाळ्यात काम चालू ठेवते ती मुख्यतः वाळवी.

वाळवी म्हटली की आपल्याला दाराची चौकट आणि जुनी दप्तरे आठवतात. नागपंचमीला आपण ज्या वारुळाची पूजा करतो, ते नागाने बांधलेले नसते, बहुधा मुंग्यांनीही नव्हे, ते वाळवीचे. ती काडीवर मातीचे ओले अस्तर चढविते आणि त्या सावलीत काडी कुरतडून खाली नेते. वारूळ बांधणारी आपल्याकडची वाळवी त्या चावलेल्या काडीवर एक बुरशी वाढविते व त्या मळ्यावर जगते. वर चैत्राचे ऊन, पण वारुळाच्या पोटात ओल राखलेली. म्हणून तेथे कुजणे थांबत नाही. (राणीला मालकीण समजू नये. ती अंडी घालते, हुकूम सोडीत नाही.)

या येण्याजाण्यात जमिनीत बारीक बोगदे पडतात व पावसाचे पाणी आत मुरते. आफ्रिकेतील बुर्किना फासो या कोरड्या देशात याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्याने १९८० नंतरच्या दुष्काळी वर्षांत हेच ओळखले. कडक, पापुद्रा धरलेल्या जमिनीत तो उन्हाळ्यात खड्डे करी व त्यांत शेणखत, काडीकचरा टाकी. त्यावर वाळवी येई, जमीन पोखरी, आणि पहिला पाऊस वाहून न जाता खड्ड्यात जिरे. खड्ड्यांची रीत जुनीच होती, त्याने ती सुधारली. २०१८ साली त्याला ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या लोकांना मुरलेल्या पाण्याची किंमत मी काय सांगावी?

आणि आपण काय करतो? नवा कोंब लवकर फुटावा म्हणून फाल्गुनात गायरान पेटवितो. राखेत पालाश, स्फुरद थोडेफार उरते. नत्र बहुतांशी धुरावाटे जाते, आणि खालच्या कामगारांची भाकरीच जळते. वाळवीच्या बऱ्याच जातींना वाळलेली काडीच अधिक आवडते. ती नाहीशी झाली म्हणजे त्या शेजारच्या उभ्या पिकाकडे वळतात. मग आपण औषधाच्या दुकानी जातो!

ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी गायरानात जाऊन शेणाचा एखादा वाळका पो उलटून पाहावा. वरून तो अखंड दिसेल. खालून मातीने लिंपलेला, आतून पोखरलेला आणि हातात अगदी हलका लागेल.