एव्हर्स्लीचे पाद्रीबाबा

शहाणं व्हायला दूरदूरचे देश पाहावे लागतात का? इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या पाद्रीबाबांना तसं वाटत नव्हतं. डोळे उघडे असले, तर घराजवळचं माळरानही पुष्कळ शिकवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नाव चार्ल्स किंग्जली.

त्यांचा जन्म १२ जून १८१९ चा. १८४२ साली ते एव्हर्स्ली गावच्या चर्चमध्ये मदतनीस म्हणून आले आणि दोन वर्षांनी तिथलेच मुख्य पाद्री झाले. राज्य होतं व्हिक्टोरिया राणीचं. देश श्रीमंत, पण गावातले शेतमजूर गरीब. त्यांच्यातल्या मोठ्या माणसांना साधं लिहिता-वाचता येत नव्हतं. किंग्जलींनी आपल्या घरीच प्रौढांचे वर्ग भरवले. गावासाठी वाचनालय काढलं. अडल्यानडल्याला कर्जाऊ पैसे मिळावेत म्हणून फंडही सुरू केला.

बोलताना ते अडखळत. लेखणी मात्र झरझर चाले! १८५५ साली त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवांवर ‘ग्लॉकस’ हे पुस्तक लिहिलं. १८५८ साली ‘माझी हिवाळी बाग’ अशा अर्थाच्या नावाचा निबंध एका मासिकात आला. ही बाग कोणती? तर गावाशेजारचं झुडपांचं माळरान! पुढच्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. अनेक धर्मगुरू रागावले. किंग्जलींनी मात्र त्याचं स्वागत केलं.

पण नुसतं पाहून ते थांबत नसत. १८४९ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. बर्मंडसी भागातली माणसं गटार मिसळलेलं पाणी पितात, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं. मग मित्रांच्या मदतीनं तिथे स्वच्छ पाण्याच्या गाड्या पाठवण्याची खटपट केली. साथीला देवाचा कोप म्हणून गप्प बसू नका, घाण दूर करा, असं ते चर्चमधल्या प्रवचनातही सांगत.

त्या काळी लहान मुलांना धुरांड्यात चढवून काजळी साफ करून घेत. किंग्जलींच्या ‘द वॉटर बेबीज’ (१८६३) या कथेचा नायक टॉम असाच एक मुलगा. कथा खूप गाजली. दुसऱ्याच वर्षी सरकारनं कायदा कडक केला, पण तो नीट पाळला गेला नाही. अखेर १८७५ च्या कायद्यानं ही प्रथा मोडली. ते पाहायला किंग्जली मात्र नव्हते. त्याच वर्षी २३ जानेवारीला एव्हर्स्लीतच त्यांचं निधन झालं होतं.

त्यांची सगळीच मतं पटण्यासारखी नव्हती. आपला इंग्रज वंश श्रेष्ठ, असं ते मानत. ते आपण सोडून द्यायचं. घ्यायची ती त्यांची नजर!

मग करणार ना सुरुवात? एक वही घ्या. शाळेच्या वाटेवर रोज जे दिसेल ते लिहा : एखादं झाड, पक्षी आणि तुंबलेलं गटारसुद्धा. आणि आईबाबांनो, ती वही आठवड्यातून एकदा तुम्हीही वाचा बरं का!