प्रचंड भोपळ्यासाठीं जमिनीची तयारी व बीं रुजविणें

तांबडा भोपळा, ज्यास आपल्याकडे डांगर किंवा काशीफळ असेंही म्हणतात, आमच्या वाचकांच्या बांधावरचा व परसांतला नेहमींचाच आहे. त्याचा वेल उकिरड्यावर आपोआप रुजतो आणि वाटेल तिकडे पसरतो. यामुळें त्याच्या मशागतीचा विचार करण्याचें कारण सहसा पडत नाहीं. परंतु कॅनडा, अमेरिका व इंग्लंड या देशांतील कांहीं बागाईतदार याच कुळांतील एका जातीवर वर्षभर श्रम घेऊन एकेक फळ हजार किलोंच्या पलीकडे नेतात. हा केवळ हौसेचा खेळ आहे, असें म्हणून तो सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. एका वेलावर एकच फळ राखावयाचें असल्यानें तेथें चुकीस क्षमा नसते, आणि म्हणूनच जमीन व बीं यांविषयींचे मूळ नियम त्या मळ्यांत फार स्पष्ट दिसून येतात.

कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांतल्या गॉडरिच गांवीं राहणारे विल्यम वॉर्नक यांनीं १९०४ सालीं सेंट लुईच्या प्रदर्शनांत ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारें १८३ किलोंचा, भोपळा मांडिला. हा उच्चांक १९७६ पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं. त्यानंतर नोव्हा स्कोशिया प्रांतांतील विंडसरचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनीं वर्षानुवर्षें निवड व संकर करून ‘अटलांटिक जायंट’ ही जात सिद्ध केली, आणि १९७९ ते १९८२ अशीं चार वर्षें जगांतील सर्वांत जड भोपळ्याचा मान मिळविला. २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील हाफ मून बे येथें १,२४७ किलोंचें फळ तोललें गेलें. २०२५ सालीं इंग्लंडांतील लिमिंग्टनच्या पेटन बंधूंचें फळ १,२७८ किलोंवर गेलें. आजचीं बहुतेक मोठीं फळें डिल यांच्या जातीच्याच वंशांतील होत. पण उत्तम वंशाचें बीं अनेकजण लावतात, आणि फळें मात्र सर्वांचीं सारखीं भरत नाहींत. या फरकाचें बरेंचसें कारण बीं पेरण्यापूर्वींची जमीन व पेरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे यांत सांपडतें.

प्रथम जमिनीचा विचार करूं. आपण वेलासाठीं आळें खणून तेवढेंच शेणखतानें भरतों. ते लोक असें करीत नाहींत. एका वेलास ते ६०० ते १,००० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जागा देतात आणि ती सर्वच्या सर्व तयार करितात. कारण असें कीं, या वेलाचीं अन्न शोषणारीं मुळें वरच्या फूटभर थरांत दूरवर पसरतात. शिवाय वेलाचें पेर मातीनें झांकलें असतां तेथूनही नवीं मुळें फुटतात. वेल जेथें जेथें जाईल, तेथें तेथें त्यास अन्न लागतें. आळ्यापुरतें खत त्यास बाळपणीं पुरतें, भरणीच्या दिवसांत पुरत नाहीं. आणि हें फळ तर ऐन वाढींत एका दिवसांत वीस किलोंपर्यंत वजन घेतें.

तयारीस आरंभ आदल्या वर्षीं, पीक निघतांच, शरद् ऋतूंत होतो. पहिलें काम मातीची परीक्षा. सामू ६.५ ते ७ च्या दरम्यान असावा. तो कमी असल्यास चुना व अधिक असल्यास गंधक घालतात. परंतु या दोहोंचा गुण येण्यास महिने लागतात, म्हणून ते वसंतांत घालून उपयोग नाहीं. त्याच वेळीं पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा पाल्याचें खत सर्व जागेवर पसरून मिसळतात. ताजें शेण लागवडीजवळ घातल्यास त्यांतील अमोनिया व क्षार कोंवळ्या मुळांस जाळतात. मग राय हें धान्य पेरून हिंवाळाभर जमीन झांकून ठेवितात व वसंतांत तें पीक कोंवळेपणींच गाडतात. आपल्या तागासारखाच हा प्रकार होय. मात्र गाडणी व लागवड यांत सुमारें चार आठवड्यांचें अंतर ठेवितात. कारण हिरवळ कुजत असतां मातींतील नत्र कांहीं काळ अडकून राहतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. अधिक खत म्हणजे अधिक फळ, हा समज खोटा आहे. परीक्षेवांचून दरसाल खत ओतल्यानें जमिनींत स्फुरद सांचतें आणि जस्त व लोह घेण्यास वेलास अडचण पडते. नत्र फाजील झालें, कीं पाला माजतो, आणि फळ एकाएकीं फुगून तडकण्याचा संभव वाढतो. तोलाच्या स्पर्धेंत पोकळीपर्यंत तडा गेलेलें फळ बाद ठरतें. वेलावर दुसरें फळ राखलेलें नसतें. म्हणजे खताच्या एका अविचारानें वर्षाची सारी मेहनत वायां जाते. तयार जमीन तुडविली जाऊं नये, म्हणून ते लोक फळ्या टाकून त्यांवरूनच चालतात, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां बियांकडे वळूं. या जातीचें बीं मोठें व जाड सालीचें असतें. त्याच्या कडा कानशीनें किंचित् घासतात, म्हणजे पाणी लवकर आंत शिरतें. पण टोंकदार बाजूस हात लावीत नाहींत, कारण मूळ तेथूनच निघतें. नंतर तें कोमट पाण्यांत कांहीं तास भिजवितात. चार ते सहा इंच रुंदीच्या कुंडींत भुसभुशीत, निचऱ्याचें मिश्रण भरून सुमारें एक इंच खोल, टोंक खालीं करून पेरतात. मिश्रणाची ऊब २९ ते ३२ अंश सेंटिग्रेड राखली, कीं चार-पांच दिवसांत अंकुर वर येतो. या अवस्थेंत थंडीपेक्षांही फाजील ओलावा अधिक घात करितो. बीं कुजतें किंवा रोप बुडाशीं मर लागून पडतें. पहिलें पाणी दिल्यावर अंकुर दिसेपर्यंत हात आंवरावा, हें उत्तम.

पहिलें खरें पान उघडूं लागतांच, मुळें कुंडींत वेढे घेण्यापूर्वीं, रोप मळ्यांत हलवितात. या वेलास मुळें दुखविलेलीं सोसत नाहींत. म्हणून मातीचा गड्डा न फोडतां लावणी करितात. मळ्यांतील माती निदान १५-१६ अंश उबदार झालेली असावी. त्यासाठीं आधीं प्लॅस्टिकचें आच्छादन घालतात व रोपावर लहानसा मांडव उभारतात. आणखी एक खुबी अशी: वेल सामान्यतः पहिल्या खऱ्या पानाच्या उलट दिशेनें धांवतो. म्हणून तें पान मोकळ्या जागेच्या विरुद्ध बाजूस येईल असें रोप बसवितात, म्हणजे पुढें वेल वळवावा लागत नाहीं.

ही जात आपल्याकडे तशीच वाढेल, अशी आशा आम्ही दाखवीत नाहीं. उन्हाचा पारा ३२ अंशांपलीकडे गेला असतां तिचीं फळें धरण्यास अडचण पडते, आणि तिला सौम्य हवेचे चार-पांच महिने लागतात. परंतु तिच्या मशागतीचे नियम आपल्या डांगरास, दुध्यास व काकडीस तितकेच लागू आहेत. आमच्या सभासदांनीं येत्या हंगामीं एवढें तरी करून पाहावें: खताची गाडी वळविण्यापूर्वीं मातीची परीक्षा करून घ्यावी, आळ्यापुरतें न पाहतां वेल धांवेल तितकी जागा कुजक्या खतानें तयार करावी, आणि रोप पहिल्या पानावरच हलवावें. वेलाशेजारीं जुन्या रीतीचें एक आळें ठेवून दोहोंचीं फळें तोलून पाहिलीं, म्हणजे कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाहीं.